सोव्हिएत संघ गेला, कलम तेवढे राहिले

कझाकस्तानने १६ डिसेंबर १९९१ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. सोव्हिएत प्रजासत्ताकांपैकी अशी घोषणा सर्वांत शेवटी करणारे ते प्रजासत्ताक होते, आणि त्यानंतर दहाच दिवसांत खुद्द सोव्हिएत संघ इतिहासजमा झाला. तरीही या देशाच्या मालाला अमेरिकेच्या बंदरात कोणता दर्जा मिळणार, हे २०२५ संपेपर्यंत ज्या कलमाच्या आधारे ठरत होते, ते मॉस्कोला वेसण घालण्यासाठी १९७४ साली लिहिलेले होते. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, हे कलम कझाकस्तानपुरते रद्द करावे, स्वतःहून करावे आणि त्याच्या बदल्यात काहीही मागू नये, असे माझे मत आहे. यातली शेवटची अट अनेकांना भाबडेपणाची वाटेल. पण प्रश्नाचा गाभा मला तिथेच दिसतो.

हे कलम म्हणजे अमेरिकेच्या १९७४ च्या व्यापार कायद्यातील जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्ती. वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर हेन्री जॅक्सन आणि ओहायोचे प्रतिनिधी चार्ल्स व्हॅनिक यांनी ती मांडली आणि राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ३ जानेवारी १९७५ रोजी कायद्यावर स्वाक्षरी केली. तिचा आशय असा, की बिगर-बाजारी, म्हणजे उत्पादन आणि भाव सरकारच ठरवते अशा, अर्थव्यवस्थेचा जो देश आपल्या नागरिकांना देश सोडून जाऊ देत नाही, किंवा जाण्यासाठी त्यांच्याकडून जबर रक्कम उकळतो, त्या देशाच्या मालाला अमेरिका इतर देशांच्या बरोबरीचा आयातशुल्काचा दर लावणार नाही आणि त्याला सरकारी पतपुरवठाही करणार नाही. या बरोबरीच्या दर्जाला पूर्वी सर्वाधिक पसंतीच्या देशाचा दर्जा म्हणत. भारताने तो पाकिस्तानला १९९६ साली दिला होता आणि पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये काढून घेतला, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला तो ओळखीचा आहे. नाव भारदस्त असले तरी त्यात खास पसंती कसलीच नसते. जो दर बहुतेक सगळ्या जगाला मिळतो तोच तुम्हालाही मिळेल, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेने १९९८ साली आपल्या कायद्यात त्याचे नाव बदलून ‘सामान्य व्यापारसंबंध’ असे केले, ते योग्यच झाले.

या दुरुस्तीचा उगम विसरून तिच्यावर टीका करणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट १९७२ मध्ये सोव्हिएत सरकारने देश सोडू पाहणाऱ्या सुशिक्षितांवर एक कर बसवला. सरकारने तुम्हाला फुकट शिकवले, आता जायचे तर त्याची किंमत मोजा, असा त्यामागचा युक्तिवाद होता. पदवी जितकी मोठी तितकी रक्कम मोठी, आणि ती सामान्य पगारदाराच्या कित्येक वर्षांच्या कमाईइतकी. या कराची झळ प्रामुख्याने इस्रायलला जाऊ इच्छिणाऱ्या ज्यूंना बसली. ज्यांनी परवानगीसाठी अर्ज केला आणि तो फेटाळला गेला, त्यांची नोकरी जाई, मुलांच्या शिक्षणात अडथळे येत आणि अनेकांच्या मागे गुप्त पोलिसांचा ससेमिरा लागे. सप्टेंबर १९७३ मध्ये सोव्हिएत अणुशास्त्रज्ञ आणि मानवी हक्कांचे पुरस्कर्ते आंद्रेई साखारोव यांनी अमेरिकी काँग्रेसला उद्देशून खुले पत्र लिहिले आणि या दुरुस्तीला पाठिंबा दिला. मॉस्कोत बसून असे पत्र लिहिणे ही त्या काळी चेष्टा नव्हती.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल समाजाशी याची तुलना केली, तर या मागणीचे वजन चटकन ध्यानात येते. अलिबाग, पेण, मुरूड या पट्ट्यातली आणि मुंबईतली कितीतरी मराठी भाषक ज्यू कुटुंबे १९५० आणि १९६० च्या दशकांत इस्रायलला गेली. त्यांना कोणी अडवले नाही, त्यांच्या शिक्षणाचा हिशेब कोणी मागितला नाही, आणि जी मागे राहिली त्यांना कोणी गद्दार ठरवले नाही. जाणाऱ्याला जाऊ देणे ही गोष्ट आपल्याकडे इतकी साधी होती, की तिला हक्क म्हणावे हेही कोणाला सुचले नसेल. सोव्हिएत संघात त्याच गोष्टीसाठी माणसे तुरुंगात जात होती.

दुरुस्तीने साधले काय, यावर मात्र अजून एकमत नाही. जानेवारी १९७५ मध्येच मॉस्कोने १९७२ चा व्यापार करार अमलात आणण्यास नकार दिला. आपल्या अंतर्गत कारभारात अशी ढवळाढवळ खपवून घेणार नाही, असा तो पवित्रा होता. १९७३ साली सुमारे पस्तीस हजार ज्यूंना देश सोडता आला होता. १९७५ मध्ये हा आकडा सुमारे तेरा हजारांवर आला. पुढे १९७९ मध्ये तो पन्नास हजारांच्या वर गेला आणि १९८४ मध्ये हजाराच्याही खाली घसरला. या चढउताराचा मेळ जॅक्सन-व्हॅनिकपेक्षा शस्त्रनियंत्रणाच्या वाटाघाटी, अफगाणिस्तान आणि क्रेमलिनमधली माणसे यांच्याशीच अधिक बसतो. त्या वेळचे अमेरिकी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांचे म्हणणे होते, की पडद्याआडून चाललेल्या बोलण्यांनी जास्त माणसे बाहेर काढली असती. दुसरीकडे, ज्यांनी प्रत्यक्ष तुरुंगवास भोगला त्या नतान शारान्स्की यांच्यासारख्यांनी या कायद्याचे ऋण नेहमीच मान्य केले. मी इथे दुसऱ्या बाजूला झुकतो. आकड्यांचे गणित काहीही असले, तरी एका महासत्तेने आपल्या व्यापाऱ्यांच्या फायद्याआधी परक्या देशातल्या अडकलेल्या माणसांचा विचार केला, ही गोष्ट त्या माणसांपर्यंत पोहोचली होती.

म्हणूनच त्यानंतर जे झाले ते अधिक बोचते. १९९१ नंतर एका देशाचे पंधरा देश झाले. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया या तीन बाल्टिक देशांना या कलमातून लगेच मोकळे करण्यात आले. बाकीच्या बारांना ते वारशात मिळाले. देशाबाहेर जाण्यावर जुनी सोव्हिएत बंधने लादण्याचे धोरण कझाकस्तानने पुढे चालवले नाही. १९९२ साली अमेरिकेशी त्याचा व्यापार करार झाला आणि पुढच्या वर्षी तो लागू झाला. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी, कझाकस्तान देशांतराच्या स्वातंत्र्याच्या सर्व अटी पूर्ण करतो, असा निर्वाळा दिला. कायद्याप्रमाणे हा निर्वाळा दर सहा महिन्यांनी, ३० जून आणि ३१ डिसेंबरच्या आत, काँग्रेसला पुन्हा अहवालाने कळवायचा असतो. म्हणजे दर वर्षी दोनदा एक कागद वॉशिंग्टनमधल्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जातो, त्यात आरोपी निर्दोष असल्याचे लिहिलेले असते, आणि तरीही खटला चालूच राहतो. त्याहून गमतीचा भाग असा, की अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने २००२ साली कझाकस्तानला बाजाराधिष्ठित अर्थव्यवस्था म्हणून मान्यताही देऊन टाकली. त्या मान्यतेचा उपयोग डम्पिंगविरोधी, म्हणजे परदेशी माल अवाजवी स्वस्तात विकला जातो का हे पाहणाऱ्या, चौकशांपुरता असतो आणि तिच्याने जॅक्सन-व्हॅनिक आपोआप गळून पडत नाही, हे कायद्याच्या दृष्टीने खरे आहे. पण एकाच सरकारच्या एका खात्याला जो देश बाजाराधिष्ठित दिसतो, तोच दुसऱ्या कायद्याच्या रकान्यात बिगर-बाजारी म्हणून बसलेला असतो.

रकाना हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या सूचीत प्रत्येक वस्तूसमोर दोन मुख्य स्तंभ असतात. पहिल्यात जगातल्या बहुतेक देशांसाठीचे दर असतात. दुसऱ्यात १९३० च्या कुप्रसिद्ध स्मूट-हॉले कायद्यापासून चालत आलेले चढे दर असतात. कझाकस्तानात उस्त-कामेनोगोर्स्क येथे टायटॅनियम स्पंज तयार होतो, विमानांच्या सुट्या भागांसाठी लागणाऱ्या धातूचा हा कच्चा रूपातला सच्छिद्र गोळा. या मालावर पहिल्या स्तंभाचा दर १५ टक्के आहे, दुसऱ्याचा २५ टक्के. इतर कित्येक वस्तूंमध्ये ही दरी याहून मोठी आहे. कझाक मालाला पहिला स्तंभ लागतो, पण तो त्या सहामाही कागदाच्या जोरावर. आज दुसऱ्या स्तंभात चारच देश आहेत: क्यूबा, उत्तर कोरिया, रशिया आणि बेलारूस.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. कझाक राजधानी अस्तानातले अधिकारी आणि वॉशिंग्टनमधले त्यांचे पाठीराखे या कलमाने होणाऱ्या नुकसानीचे जे चित्र रंगवतात, ते बरेचसे फुगवलेले असते. कझाकस्तानची निर्यात मुख्यतः खनिज तेल, युरेनियम आणि धातू यांची आहे. तेलावरचे शुल्क मुळातच नगण्य. शेव्हरॉन कंपनी १९९३ पासून तेंगीझच्या तेलक्षेत्रात आहे, पुढे एक्सॉनमोबिलही तिथे आली. जॅक्सन-व्हॅनिक आहे म्हणून त्यांपैकी कोणी पाऊल मागे घेतल्याचे दिसत नाही. तेव्हा कलम काढले की व्यापाराला भरती येईल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर फारसा विश्वास ठेवू नये.

नुकसान आहे ते वेगळ्या ठिकाणी, आणि विशेष म्हणजे ते अमेरिकेचेही आहे. एकोणीस वर्षांच्या वाटाघाटींनंतर ३० नोव्हेंबर २०१५ रोजी कझाकस्तान जागतिक व्यापार संघटनेचा १६२ वा सदस्य झाला. त्या वाटाघाटींत अमेरिकेनेच सेवाक्षेत्र, आयातशुल्क, पशुवैद्यकीय नियम अशा बाबतींत कितीतरी सवलती मिळवल्या होत्या. पण संघटनेच्या नियमांप्रमाणे सदस्य देशाला बरोबरीचा दर्जा विनाअट द्यावा लागतो, आणि अमेरिकेचा कायदा तर तो अटीवरच देतो. या पेचातून सुटण्यासाठी अमेरिकेने संघटनेच्या स्थापना-कराराच्या तेराव्या अनुच्छेदाचा आधार घेऊन कळवले, की आमच्यात आणि कझाकस्तानात हा करार लागू नाही. परिणामी ज्या सवलती अमेरिकेने घासाघीस करून मिळवल्या, त्यांचा लाभ युरोप, जपान, चीन आणि भारत यांना हक्काने मिळतो, आणि अमेरिकेला मात्र त्या हक्क म्हणून मागता येत नाहीत. कझाकस्तानने उद्या एखादा नियम मोडला, तर अमेरिका त्याला संघटनेच्या तंटा-निवारण मंडळापुढे खेचू शकत नाही. अर्थात, त्या व्यवस्थेचे अपील मंडळ अमेरिकेनेच नेमणुका अडवून डिसेंबर २०१९ पासून ठप्प करून ठेवले आहे, त्यामुळे हा तोटा आज वाटतो तितका झोंबत नाही. २०२० ची मंत्रिस्तरीय परिषद कझाकस्तानच्या राजधानीत भरायची होती. कोविडमुळे ती बारगळली आणि पुढे जिनिव्हात झाली, नाहीतर ज्या देशाशी आपला करारच लागू नाही त्याच्या घरी पाहुणा म्हणून जाऊन करारावर चर्चा करण्याची वेळ अमेरिकी प्रतिनिधींवर आली असती.

आता इतर प्रजासत्ताकांचे काय झाले ते पाहू, कारण तत्त्वाचा मुखवटा तिथे गळून पडतो. किर्गिझस्तान आणि जॉर्जिया यांना २००० साली कायमचा सामान्य दर्जा मिळाला, आर्मेनियाला जानेवारी २००५ मध्ये, युक्रेनला ऑरेंज क्रांती या लोकशाहीवादी जनआंदोलनानंतर मार्च २००६ मध्ये. रशिया आणि मोल्दोव्हा यांची सुटका डिसेंबर २०१२ मध्ये एकाच कायद्याने झाली. चीन मूळ सोव्हिएत संघातला नव्हे, पण याच कलमाखाली होता. त्याला २००० साली मोकळे करणारा कायदा झाला आणि २००६ च्या अखेरीस व्हिएतनामलाही. या यादीत मानवी हक्कांचा आलेख शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. २००० सालच्या चीनमध्ये नागरिकाला कझाकस्तानपेक्षा अधिक मोकळीक होती, असे कोणी म्हणणार नाही. ज्यांची बाजारपेठ मोठी, ज्यांच्या मागे उद्योगांचा रेटा किंवा ज्यांच्याकडे त्या वर्षीची एखादी लोकप्रिय क्रांती, ते सुटले, बाकीचे राहिले. अझरबैजान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तान हे त्या राहिलेल्यांत आहेत.

रशियाच्या बाबतीत तर कोंबडीनेही भूमिका बजावली. १९९० च्या सुमारास अमेरिकेतून सोव्हिएत संघात गोठवलेल्या कोंबडीच्या तंगड्या येऊ लागल्या. दुकानांतल्या खडखडाटाच्या त्या दिवसांत लोकांनी त्यांना थोरल्या बुश यांच्या नावावरून ‘बुशच्या तंगड्या’ म्हणायला सुरुवात केली. पुढे रशिया हे अमेरिकी कोंबडी-उत्पादकांचे फार मोठे गिऱ्हाईक झाले. मार्च २००२ मध्ये मॉस्कोने आरोग्याचे कारण देऊन ही आयात बंद केली. नेमके त्याच सुमारास रशियाला जॅक्सन-व्हॅनिकमधून मोकळे करण्याची चर्चा रंगात आली होती; कुक्कुटपालनाच्या राज्यांतले लोकप्रतिनिधी भडकले आणि विषय थंड्या बस्त्यात गेला. माणसांच्या देशांतराच्या हक्कासाठी साखारोव यांनी ज्या कायद्याची पाठराखण केली, तो तीस वर्षांच्या आत तंगड्यांच्या सौद्यात ओढला गेला होता. एखादा कायदा आपले काम संपल्यावरही पुस्तकात ठेवला, की तो रिकामा बसत नाही. त्याला कोणीतरी आपले काम सांगू लागतो.

कझाकस्तानच्या सुटकेला दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला मानवी हक्कांचा. १६ डिसेंबर २०११ रोजी, स्वातंत्र्याच्या विसाव्या वर्धापनदिनी, झानाओझेन या तेलनगरीत संपकरी कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि किमान सोळा जण मेले. जानेवारी २०२२ मध्ये वाहनांच्या गॅसच्या दरवाढीवरून त्याच झानाओझेनमध्ये सुरू झालेला उद्रेक अल्माटीपर्यंत पसरला. राष्ट्राध्यक्ष कासिम-जोमार्त तोकायेव यांनी विनासूचना गोळी घालण्याचे आदेश दिल्याचे जाहीर सांगितले, रशियाच्या नेतृत्वाखालचे सैन्य बोलावले, आणि सरकारी हिशेबाप्रमाणेच २३८ माणसे मृत्युमुखी पडली. कोठडीतल्या छळाच्या तक्रारी झाल्या. अशा राजवटीला अमेरिकेने प्रशस्तिपत्र का द्यावे, हा प्रश्न रास्त आहे.

पण सामान्य दर्जा हे प्रशस्तिपत्र नव्हेच. तो सौदी अरेबियाला आहे, म्यानमारला आहे. आणि जॅक्सन-व्हॅनिक या गुन्ह्यांबद्दल अवाक्षर काढत नाही. ते फक्त देश सोडण्याच्या हक्काबद्दल बोलते, आणि तो हक्क कझाक नागरिकाला आहे. अल्माटीत सिनेगॉग उघडी आहेत. ज्यांच्यासाठी हे कलम लिहिले गेले, त्या सोव्हिएत ज्यूंचे हित पाहणाऱ्या अमेरिकेतल्या ज्यू संघटनांनीच कझाकस्तानला यातून मोकळे करावे, असे सांगितले आहे. ज्या गुन्ह्यासाठी कलम लिहिलेलेच नाही, त्या गुन्ह्याची शिक्षा त्याखाली देत राहणे कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. झानाओझेनबद्दल बोलायचे असेल, तर त्यासाठी अमेरिकेकडे अधिक चांगले साधन आहे, आणि ते जॅक्सन-व्हॅनिकच्याच जागी घडवलेले आहे. रशियाची २०१२ साली सुटका करताना त्याच कायद्यात, मॉस्कोच्या कोठडीत मेलेल्या सर्गेई मॅग्नित्स्की यांच्या नावाने, छळाला जबाबदार असलेल्या व्यक्तींचा व्हिसा आणि पैसा रोखण्याची तरतूद झाली. २०१६ साली ती साऱ्या जगाला लागू करण्यात आली. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याचे परदेशातले खाते गोठवता येते, तेव्हा टायटॅनियमच्या कारखान्यातल्या कामगाराच्या मालावर टांगती तलवार ठेवण्याचे कारण उरत नाही.

यावर असे म्हटले जाते, की कायमचा दर्जा एकदा दिला की हातातला लगाम सुटतो. हा युक्तिवाद २०२२ पर्यंत तरी विचारात घेण्याजोगा होता. रशियाला २०१२ साली ‘कायमचा’ दर्जा मिळाला. युक्रेनवर आक्रमण झाल्यावर दीड महिन्याच्या आत, एप्रिल २०२२ मध्ये, काँग्रेसने तो काढून घेतला आणि रशियाला बेलारूससह दुसऱ्या स्तंभात टाकले. त्यासाठी १९७४ च्या कलमाची गरज भासली नाही. सरळ नवा कायदा झाला. म्हणजे काँग्रेसच्या हातातला लगाम कधीच सुटत नाही. सुटतो तो फक्त सहा महिन्यांचा एक निरर्थक सोपस्कार.

दुसरा आक्षेप रशियावरच्या निर्बंधांचा आहे, आणि तो मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. कझाकस्तान आणि रशिया यांची सीमा सुमारे ७,६०० किलोमीटरची, सलग जमिनीवरची जगातली सर्वांत लांब सीमा आहे. युरेशियन आर्थिक संघात दोन्ही देश असल्यामुळे तिच्यावर जकातनाकेही नाहीत. २०२२ नंतर पाश्चात्त्य बनावटीची इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि सुटे भाग कझाकस्तानमार्गे रशियात गेले, हे कोणी नाकारत नाही. अस्तानाने २०२३ च्या वसंतात मालावर ऑनलाइन नजर ठेवण्याची व्यवस्था सुरू केली. गळती त्याने कमी झाली असेल, पण अशा सीमेवर ती संपली असे मानणे धाडसाचे होईल. तरीही उपाय कोणता, हा प्रश्न उरतोच. जो व्यापारी मायक्रोचिपा फिरवतो त्याला तेल, धातू किंवा युरेनियमवरच्या अमेरिकी शुल्काशी काय देणेघेणे? त्याला रोखायचे तर त्याच्या कंपनीवर आणि त्याच्या बँकेवर निर्बंध हवेत, आणि ते लावण्याचे अधिकार अमेरिकी अर्थखात्याकडे आहेत. शिवाय ज्या देशाचे बहुतांश तेल रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदरातून समुद्रावर जाते आणि ज्याने तरीही युक्रेनचे तुकडे करून केलेल्या कोणत्याही विलीनीकरणाला मान्यता दिलेली नाही, त्याच्याकडून सहकार्य हवे असेल, तर त्याला रशियाच्याच जुन्या गुन्ह्याच्या वहीत नोंदवून ठेवणे हा विचित्र मार्ग म्हणावा लागेल.

या देशाने अमेरिकेला, आणि खरे तर जगाला, काय दिले हेही इथे आठवावे. स्वतंत्र झाला तेव्हा कझाकस्तानच्या भूमीवर सोव्हिएत संघाची चौदाशेच्या आसपास सामरिक अण्वस्त्रे होती. ज्या सेमिपालातिन्स्कच्या माळावर चाळीस वर्षे अणुचाचण्या झाल्या, ते केंद्र त्याने स्वातंत्र्याच्याही आधी, २९ ऑगस्ट १९९१ रोजी बंद केले होते. १९९५ पर्यंत सगळी शस्त्रे रशियाला परत गेली. १९९४ च्या नोव्हेंबरात तर उस्त-कामेनोगोर्स्कच्या उल्बा कारखान्यातले सुमारे सहाशे किलो अतिसमृद्ध युरेनियम, ज्यापासून कित्येक बॉम्ब बनले असते, गुपचूप अमेरिकी विमानांत चढवून टेनेसी राज्यातल्या ओक रिज येथे नेण्यात आले. त्या मोहिमेला ‘प्रोजेक्ट सफायर’ असे नाव होते. इतका विश्वास ज्याच्यावर टाकला, त्या देशाला दर सहा महिन्यांनी चारित्र्याचा दाखला काढायला लावणे शोभत नाही.

याच ठिकाणी कलम रद्द करण्याच्या बाजूने बोलणाऱ्या अनेकांशी माझा मतभेद होतो. हल्ली वॉशिंग्टनमध्ये हा विषय निघाला की लगेच दुर्मिळ खनिजे, टंगस्टन आणि युरेनियम यांची यादी वाचली जाते. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या युरेनियमपैकी सुमारे ४० टक्के एकट्या कझाकस्तानातून येते, आणि रशियन युरेनियमच्या आयातीवर २०२४ मध्ये बंदी घालणारा कायदा केल्यावर अमेरिकेला त्याची गरज अधिक भासणार, हे उघड आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कझाक रेल्वेने वॅबटेक या अमेरिकी कंपनीशी ४२० कोटी डॉलरच्या इंजिनखरेदीचा करार केला. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मध्य आशियातले पाचही राष्ट्राध्यक्ष व्हाइट हाउसमध्ये होते, आणि त्याच दिवशी कझाकस्तान इस्रायल आणि मुस्लिम देश यांच्यात संबंध जोडणाऱ्या अब्राहम करारांत सामील होणार असल्याचे जाहीर झाले. इस्रायलशी त्याचे राजनैतिक संबंध १९९२ पासूनच होते, तेव्हा या सामील होण्यात नवे फारसे काही नव्हते. ती वॉशिंग्टनला आवडेल अशी एक भेट होती. या सगळ्याच्या मोबदल्यात आता जॅक्सन-व्हॅनिक उठवा, असा सूर लावला जातो.

मला हा सूर मान्य नाही. खनिजांसाठी जो दर्जा दिला जाईल, तो खनिजे दुसऱ्याला विकली म्हणून काढून घ्या अशी मागणी उद्या होईल, आणि ती करणारे कोंबडीवाल्यांइतकेच आग्रही असतील. शिवाय ज्याच्या जमिनीखाली काहीच नाही त्या ताजिकिस्तानने मग कायम वहीत राहायचे काय? अट देशांतराची होती. ती पूर्ण झाल्याचा निर्वाळा अमेरिकेच्याच एकामागून एक राष्ट्राध्यक्षांनी दिला. कर्ज फिटल्यावर गहाणखत परत करायचे असते. ते परत करताना सावकाराने नजराणा मागितला, तर त्याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको.

एक शंका आजच्या वाचकाच्या मनात नक्की येईल. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०२५ मध्ये जवळपास साऱ्या जगावर नवी शुल्के लादली. भारताच्या मालावर ऑगस्टमध्ये ती ५० टक्क्यांपर्यंत गेली आणि कझाकस्तानला २५ टक्क्यांचे पत्र आले. मग ‘सामान्य’ दर्जाला किंमत ती काय उरली? शंका योग्य आहे. पण त्या यादीतून तेल आणि युरेनियमसारख्या वस्तू वगळल्या असल्यामुळे कझाकस्तानला प्रत्यक्षात तिची झळ कमी बसली, हा एक भाग. दुसरा असा, की ती शुल्के एका राष्ट्राध्यक्षाच्या हुकमाने आली होती आणि हुकमानेच कमीजास्त होत होती. काँग्रेसने केलेला कायदा निदान चर्चा होऊन, मतदान होऊन बदलतो. व्हाइट हाउसची लहर जितकी बेभरवशाची, तितकी कायद्यातल्या पायाची गरज वाढते. या शुल्कांचे चटके इचलकरंजीच्या कापडवाल्याला किंवा कोकणातल्या कोळंबी निर्यातदाराला बसले आहेत, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

भारताचा या प्रकरणाशी थेट संबंध नाही, आणि ओढूनताणून जोडूही नये. आपण कझाकस्तानकडून युरेनियम घेतो. २०१५ मध्ये नरेंद्र मोदींच्या भेटीत पाच हजार टनांचा करार झाला होता. आपली अडचण कायद्याची नसून रस्त्याची आहे. मधे पाकिस्तान आणि अफगाणिस्तान असल्यामुळे माल इराणमार्गे वळसा घालून न्यावा लागतो, आणि त्या वाटेवर पुन्हा अमेरिकेचेच निर्बंध आडवे येतात. मात्र मध्य आशियातले देश रशिया आणि चीन या दोनच दारांवर अवलंबून राहू नयेत, यात आपलेही हित आहे, एवढे म्हणता येईल.

आता कायदा कसा असावा याबद्दल. कझाकस्तानसाठीचे विधेयक चार ओळींचे पुरेल: १९७४ च्या कायद्याचे चौथे प्रकरण या देशाला यापुढे लागू नाही, आणि राष्ट्राध्यक्षांनी कायम सामान्य दर्जा जाहीर करावा. अशी विधेयके दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी एकत्र येऊन अनेकदा मांडलेली आहेत. त्यांना उघड विरोध क्वचितच होतो. प्रत्येक वेळी काँग्रेसची मुदत संपते आणि ती विरून जातात. मध्य आशियातल्या मतदाराला ओहायोत मत नसते, हे त्यामागचे साधे कारण. मार्को रुबिओ यांनी परराष्ट्रमंत्रिपदावर येतानाच या कलमाला कालबाह्य ठरवले होते, तेव्हा प्रशासनाचा अडथळा आहे असेही म्हणता येत नाही.

पाचही देशांना एकाच झटक्यात मोकळे करण्याचा प्रस्तावही अधूनमधून येतो. त्याला माझा एका देशापुरता विरोध आहे. तुर्कमेनिस्तानात आजही प्रवाशांना विमानात चढताना उतरवले जाते, कारण न सांगता देशाबाहेर जाण्यापासून रोखले जाते. जॅक्सन आणि व्हॅनिक यांनी ज्या प्रकारासाठी लेखणी उचलली, तो हाच. आणि गंमत अशी, की तुर्कमेनी मालालाही अमेरिकेत पहिल्याच स्तंभाचा दर लागतो. जिथे कलमाला काम आहे तिथे ते झोपलेले, आणि जिथे काम संपले तिथे ते पहारा देत बसलेले, अशी ही स्थिती आहे. तुर्कमेनिस्तानपुरते ते राहू द्यावे आणि एकदा तरी खरेच वापरून पाहावे.

उझबेकिस्तानचा प्रश्न त्यामानाने निकडीचा आहे. इस्लाम करीमोव यांच्या काळात तिथे परदेशी जायला सरकारी परवाना लागे. शवकत मिर्झियोयेव आल्यावर २०१९ पासून ती सोव्हिएत पद्धत मोडीत निघाली. जागतिक व्यापार संघटनेतील प्रवेशासाठी ताश्कंदच्या वाटाघाटी बऱ्याच पुढे गेल्या आहेत आणि अमेरिकेशी त्यांचा द्विपक्षीय टप्पाही पार पडला आहे. प्रवेशाच्या दिवसापर्यंत काँग्रेसने काही केले नाही, तर ज्या अटी अमेरिकेने स्वतः मान्य करून घेतल्या, त्या आम्हाला लागू नाहीत असे पत्र तिच्या प्रतिनिधीला जिनिव्हात पुन्हा एकदा द्यावे लागेल.